मायजवळ उरलेला शब्द

आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज पऱ्हाट्या मोडण्याचा असायचा. माय अंगणातल्या भट्टीपाशी उकिडवी बसून कपाशीची वाळकी झाडं गुडघ्यावर कडाकड मोडायची आणि भट्टीच्या तोंडात सारायची. मग जाळाची फरफर, मग कढईतल्या रेतीवरून झारा फिरल्याचा खरखराट, आणि रेती तापली की मुठीनं टाकलेले हरभरे एकदम तडतडायला लागायचे. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत घड्याळं थोडी होती. आमची भट्टी पेटली की शेजारपाजारचे लोक उठायचे. आम्ही फुटाणे-मुरमुरे भाजणारे. माय भाजायची, बाबा सायकलीला पोती बांधून आजूबाजूचे आठवडी बाजार करायचे, आणि मी आणि माझी धाकटी बहीण मंदा चाळायला, पाखडायला, पुड्या बांधायला. घराच्या भिंतींना, अंथरुणाला, आमच्या केसांनाही भाजल्या हरभऱ्याचा वास असे. शाळेतले एक मास्तर म्हणायचे, "गजानन, तू वर्गात आला की भूक लागते रे."

मायचं तोंड वाईट, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि माय ते कधी नाकारत नसे. तिचा ठेवणीतला शब्द म्हणजे भैताड. आमच्याकडे भैताड म्हणजे खुळा, अकलेचा कांदा. पण मायच्या तोंडी तो शब्द कुठल्याही कामाला यायचा. उधळलेली शेळी भैताड, भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक भैताड, उशिरा आलेली बस भैताड. बाबा बाजारातून थकून आले की त्यांच्यापुढे ताट सरकवत ती म्हणायची, "जेव भैताडा, कसा वाळून गेला," आणि तेव्हा त्या शब्दात इतकी माया असे की बाबा खाली मान घालून हसायचे. बाबांचं हसणं तेवढंच. ते फार कमी बोलत. मोठ्या आवाजात तर मी त्यांना बाजारातही ऐकलं नाही. इतर लोक ओरडून माल विकायचे, बाबा पोत्यामागे बसून राहायचे.

त्या पोत्यावरूनच माझं बॉक्सिंग सुरू झालं. बाजारात एका दांडग्या पोरानं बाबांच्या मुरमुऱ्याच्या पोत्याला मुद्दाम लाथ मारली. पोतं उलटलं, मुरमुरे चिखलात गेले, आणि बाबा काही न बोलता ते गोळा करायला लागले. मला ते सहन झालं नाही. मी त्या पोराला धरून बडवलं. कोणीतरी मागून माझी मानगूट पकडली. वळून पाहिलं तर रशीद हवालदार. फौजेतून निवृत्त होऊन नुकतेच गावात परतले होते. नाक एका बाजूला वाकलेलं, एका कानानं कमी ऐकू येई. फौजेत ते बॉक्सिंग खेळत. मला वाटलं आता हे थोबाडतात. ते म्हणाले, "मारतो तं चांगला, पण डोळे मिटून मारतो बे तू. डोळे उघडे ठेवाचं शिकाचं असन तं उद्या पहाटे जिनिंगच्या मैदानात ये."

माय आधी भडकली. "रोज मार खायले जातं काय? घरी कमी भेटते?" मग हवालदार स्वतः घरी आले. भट्टीपासून थोडं लांब उभं राहून म्हणाले, "भाभी, याचे हात चांगले हायेत. फौजेत खेळाडूची भरती असते. दोन-तीन वर्षं मेहनत केली तं पोट्ट्याचं भलं होईन." मायनं त्यांना नीट न्याहाळलं, चाळणीतले गरम फुटाणे त्यांच्या ओंजळीत ओतले आणि विचारलं, "अन नाही झालं तं?" हवालदार म्हणाले, "तो फिर भट्टी तो है ही." माय खळखळून हसली. त्या दिवसापासून माझं बॉक्सिंग तिच्या रोजच्या कामांत जाऊन बसलं. भट्टी पेटवणं, हरभरे भिजवणं, गजूला हाकलणं.

"ऊठ बे भैताडा! थो हवालदार तिकडं मैदानात उभा राहून राह्यला अन तू इथं गोधडीत अंडे उबवून राह्यला!"

बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या बाजूचं ते मैदान. एका बाभळीच्या फांदीला हवालदारांनी ताडपत्रीची बॅग शिवून टांगली होती, आत रेती आणि सरकीचा कचरा. हातांना बांधायला बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या. ग्लोव्ह्ज मोजकेच, ते आळीपाळीनं. आधी उत्तरेच्या रस्त्यानं सातपुड्याच्या पायथ्याकडे धावत जायचं आणि परत यायचं, मग दोरीवरच्या उड्या, मग बॅग, मग हवालदारांच्या हातातल्या जाड गाद्यांवर ठोसे. सुरुवातीला पोरांची रांग लागली होती. थंडी पडली तशी ती गळत गेली. लोकांना वाटतं पोरं मारामुळे पळाली. मार तर आम्हाला हवालदार फारसा लागूच द्यायचे नाहीत. पोरं पळाली ती रोज तेच तेच करण्याला कंटाळून. डावा हात पुढे, डावा हात मागे, पुन्हा पुढे. महिनोन्महिने फक्त डावा हात. अंगात ताकद असते, वेळ असतो, दुखतही नसतं, आणि तरी आतून कोणीतरी म्हणतं की आज राहू दे. त्या आवाजाशी आम्ही सगळेच हरायचो. मी थोडा कमी हरलो, कारण माझ्याकडे त्याहून मोठा आवाज होता.

आता म्हातारपणी मी जिथं शिकवतो त्या व्यायामशाळेतली पोरं मला विचारतात, "सर, मोटिव्हेशन कसं टिकवायचं?" त्यांच्या मोबाइलमध्ये त्यावरची भाषणं भरलेली असतात. मी त्यांना सांगतो, झोप नीट घ्या, पाणी प्या. खरं सांगायचं तर मी ते कधी टिकवलंच नव्हतं. ते माझ्यासाठी दुसऱ्या कोणीतरी टिकवलेलं होतं.

एकदा ऐन थंडीत मी मायला सरळ सांगितलं होतं, "आज माह्यं मन नाही." ती भट्टीपुढून उठलीसुद्धा नाही. "माह्यं कवा असते?" ती म्हणाली. "हे भट्टी मले इचारते काय, सुभद्रे, आज तुह्यं मन हाय का नाही? तू जाय. मन येईन मागून धावत." मी गेलो. मन आलं की नाही ते आठवत नाही, पण धावून आलो खरा.

सगळ्यांत अवघड होतं ते वजन. हवालदारांनी माझा जो वजनगट ठरवला होता त्याच्यापेक्षा मी जरासा जास्त भरायचो, आणि तो जरासा काही केल्या उतरत नसे. फुटाण्यांच्या घरात भूक आवरणं म्हणजे काय, हे ज्यानं सोसलं त्यालाच कळावं. गरम मुरमुऱ्यांवर माय तिखट-मीठ-तेल टाकून कांदा चिरायची, शेंगदाणे घालायची, आणि तो वास घरभर फिरायचा. माझ्या वाट्याला ज्वारीची पातळ भाकर, फोडणी नसलेलं वरण आणि मोजून ओंजळभर फुटाणे. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की माझ्यादेखत माय काहीच खात नाही. मंदाला विचारलं तर म्हणाली, "तू मैदानात गेला की जेवते ते. म्हणते, त्याच्यापुढं घास उतरत नाही."

कापूस वेचणीचे दिवस होते. मी धावून परत येत होतो आणि गल्लीच्या तोंडाशीच मला जळका वास आला. आमच्या घरी हरभरा कधी जळत नसे. मी तसाच आत पळालो. कढईत हरभऱ्यांचा कोळसा झाला होता, धूर निघत होता, आणि माय भट्टीपुढे नेहमीसारखी बसलेली. झारा हातातून निसटून मातीत पडला होता. तिचा उजवा हात कढईच्या काठावर तसाच टेकलेला, तळवा भाजून कातडी वर आलेली. ती माझ्याकडे पाहत होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. "माय, हात!" मी ओरडलो. तिनं खाली आपल्या हाताकडे पाहिलं, जणू शेजारणीचा हात आपल्या भट्टीवर राहून गेला आहे.

गावातल्या डॉक्टरांनी अकोल्याला न्यायला सांगितलं. तिथं ती काही दिवस नुसती पडून होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली, असं डॉक्टर म्हणाले. मग एका सकाळी तिला जरा हुशारी आली, आणि नर्सबाईंनी वाकून विचारलं, "बाई, तुमचं नाव सांगता येते का?" मायनं खूप वेळ घेतला. कपाळावर शिरा ताणल्या, ओठ हलले, आणि मग एकदम स्पष्ट, खणखणीत शब्द आला, "भैताड." नर्सबाई रागानं मागे सरकल्या. मंदा खुदकन हसली, हसतच राहिली आणि हसता हसता पलंगाच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून रडायला लागली. माय गोंधळून आमच्याकडे बघत होती. तिला आपलं नावच सांगायचं होतं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच शब्द.

तेवढाच शब्द तिच्याजवळ उरला होता. पाणी हवं असलं तरी तोच, कूस बदलायची असली तरी तोच. बाबा जवळ बसले की तोच. डॉक्टरांनी समजावलं होतं, "असं होतं कधी कधी. तोंडाला सवयीचा एखादा शब्द राहतो, बाकीचे जातात. त्याचा काही अर्थ असेलच असं समजू नका." आम्ही मात्र सूर ऐकून ओळखायला शिकलो. लांब ओढला तर पाणी. तोडून म्हटला तर माश्या हाकला. मंदा यात सगळ्यांत हुशार झाली. तिनं शाळा सोडली आणि भट्टी धरली. मी पऱ्हाट्या मोडायचो, पोती वाहायचो, बाबांबरोबर बाजाराला जायचो. मैदानात जाणं बंद झालं. हवालदार एकदा येऊन मायच्या खाटेपाशी बसून गेले. मी म्हणालो, "मी येऊन नाही राह्यलो आता." ते म्हणाले, "मैंने पूछा क्या?" आणि मायसाठी आणलेली पपई ठेवून निघून गेले.

मग एका पहाटे मायनं तो शब्द म्हणायला सुरुवात केली. मी उठून पाणी दिलं, तिनं ओठ मिटून घेतले. कूस बदलली, तरी चालूच. पांघरूण सारखं केलं, कंदिलाची वात वर केली. "भैताड. भैताड." आवाज चढत चालला होता. बाहेरून भट्टीपुढून मंदा म्हणाली, "दादा, ते काही मागून नाही राह्यली. तुले उठवून राह्यली."

"उठलो ना मी."

"तसं नाही. हवालदाराकडं जाय म्हणते. रोज याच टायमाले उठवे ना तुले."

मी खुंटीवरचे कॅनव्हासचे बूट काढले. मायची नजर बुटांवर गेली असं मला वाटलं. मी विचारलं, "जाऊ?" ती पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी हळू, आणि डोळे मिटले. मी अंधारात बाहेर पडलो. मैदानात हवालदार एकटेच उभे होते. इतक्या दिवसांनी आलास, कुठे होतास, काही नाही. "पट्ट्या बांध," एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी एकही पहाट चुकवली नाही. ती हाक आली की उठायचं. हाकेचा अर्थ लावायचा नाही, वाद घालायचा नाही. धावताना पहिल्या नाल्यापर्यंत माझे पाय जड असायचे आणि डोक्यात तिच्या भाजलेल्या तळव्याचं चित्र असायचं. कधी बॅगवर ठोसे मारता मारता हुंदका फुटायचा. हवालदार म्हणायचे, "रडाचं असन तं राऊंड संपल्यावर रड. घंटी वाजेलोक हात वर." आणि राऊंड संपल्यावर रडू यायचं नाही. घरी आलो की मी तसाच घामेजलेला तिच्या खाटेपाशी उभा राहायचो. ती डावा हात उचलून माझ्या ओल्या बनियनला लावायची, ओल बोटांना लागली की हात आपल्या चादरीला पुसायची. ही तिची तपासणी. मी कोरडा आलो असतो तर तिनं काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मी तशी वेळ येऊ दिली नाही. मला फौजेची भरती वगैरे आठवत नव्हती. मला त्या हाताला ओल लागलेली हवी होती.

पुष्कळ वर्षांनी, मंदाची मुलं मोठी झाल्यावर, ती एकदा माहेरपणाला आली असताना बोलता बोलता म्हणाली, "दादा, तू मैदानात गेल्यावरबी माय तसंच म्हणत राहे. लय वेळ. मी तुले कधी सांगतलं नाही." माझी सून दवाखान्यात काम करते, तिला मी एकदा आडून विचारलं, तर तिनंही त्या डॉक्टरांसारखंच सांगितलं. म्हणजे माय मला उठवत होती, की तिच्या तोंडातून नुसताच तो शब्द सुटत होता आणि मी त्याला हाक समजत होतो? त्या डाव्या हाताबद्दल मात्र मला शंका नाही.

विभागाची निवड अमरावतीला झाली. माझ्यासमोरचा पोरगा कच्चा निघाला, मी न खरचटता जिंकून आलो. राज्याच्या स्पर्धेसाठी नाव नागपूरला गेलं. मी मायला सांगितलं. तिला किती कळलं देव जाणे. त्या दिवशी तिनं माझा गाल कुरवाळला.

हरभरा निघायच्या दिवसांत, एका दुपारी, मंदा तिला ज्वारीची आंबील भरवत होती. मी अंगणात नवा हरभरा चाळत होतो. मंदानं हाक मारली नाही, फक्त वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजावरूनच मला कळलं. मी आत गेलो तेव्हा माय तशीच टेकून बसलेली होती, आंबील हनुवटीवर आली होती. मंदा ती मायच्याच पदरानं पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

अग्नी मी दिला. दहाव्याला डोकं भादरलं. भट्टी थंड होती, आणि ती थंड भट्टी बघून गल्लीतल्या बायका दारातूनच डोळ्याला पदर लावायच्या. दहाव्याच्या संध्याकाळी घरात सगळे नातेवाईक बसले असताना हवालदार आले. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले. नागपूरची स्पर्धा दोन दिवसांवर आली होती, तेरवीच्या आत. "मी फक्त सांगाले आलो," ते म्हणाले. "माह्यी काही जबरदस्ती नाही. नाव गेलेलं हाय, एवढंच."

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लोडाला टेकून बसले होते. आमच्या घराण्यात त्यांच्यापुढे कोणी बोलत नसे. ते म्हणाले, "हवालदार, तुमी भले माणूस. पण ज्या हातानं यानं मायले अग्नी देल्ला, त्या हातानं हा लोकायले बुक्क्या मारत फिरन काय? तेरवी होयेलोक यानं गावाची शीव ओलांडाची नाही. झालं."

हवालदारांनी मान हलवली आणि चपलांकडे वळले. तेवढ्यात कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "जाईन थो."

मोठेबाबांनी कानावर विश्वास नसल्यासारखं पाहिलं. "काय म्हटलं, नामदेवा?"

"जाईन म्हटलं. मी संग जातो त्याच्या. तेरवीले घरी येतो आमी."

"लोकं काय म्हणतीन?"

बाबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "अर्धं अंग गेल्यावरबी तिनं याले रोज उठवलं, दादा. लोकायनं नाही उठवलं."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. मला मंदाजवळ बसून राहायचं होतं. पण बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावाला उत्तर दिलं होतं, आणि आता मी न जाणं म्हणजे त्यांना एकटं पाडणं. मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बाबा आणि हवालदार बसनं निघालो. बाबांनी पिशवीत माझी पांढरी टोपी आणि मंदानं दिलेल्या भाकरी घेतल्या होत्या.

नागपूरला वजनाच्या रांगेत मी उभा राहिलो. किती महिने त्या जराशा वजनासाठी मी उपाशी झोपलो होतो. काट्यावर चढलो तर काटा रेघेच्या पुष्कळ खाली थांबला. टेबलामागचा माणूस हसून म्हणाला, "अरे, बिनधास्त जेव, तुला भरपूर वाव आहे." हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांनी बाहेर येऊन पिशवीतली भाकर सोडली. मी घास तोंडात घातला आणि तो किती तरी वेळ तोंडातच फिरत राहिला.

पहिली लढत मी जिंकलो. कशी, ते आठवत नाही. हात आपोआप चालले. दुसरी लढत एका उंच, लांब हातांच्या पोराशी होती. तो चांगला खेळत होता, हे मला पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळलं. माझ्या भादरलेल्या डोक्यावर हेडगार्ड बसत नव्हतं. केसांचा अंदाज धरून ते बांधलेलं, आता घामानं सरकून डोळ्यावर येई. ते सावरायला हात गेला की त्याचा ठोसा यायचा. डावा डोळा मिटत गेला, नाकातून रक्त आलं. दुसऱ्या राऊंडमध्ये मी कोपऱ्यातल्या खांबावर असा आदळलो की उजव्या खांद्यात काहीतरी करकरलं. घंटा झाली. हवालदार नाकाला ओला कापूस लावत म्हणाले, "छोडना है?" मी मान हलवली, नाही. "मंग हात वर." मी एका डोळ्यानं बाबांना शोधलं. लोकांच्या गर्दीत, सगळ्यात मागच्या ओळीत ते दिसले. सगळे रिंगकडे तोंड करून बसले होते. बाबा एकटे भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते.

तिसरा राऊंड मी उभ्यानं संपवला. हात वर ठेवले. पंचांनी समोरच्याचा हात उंचावला. त्या पोरानं मला मिठी मारली, माझ्या डोक्याकडे पाहून हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं. त्यानं दोरी वर उचलून धरली आणि मला आधी बाहेर जाऊ दिलं.

बाबा आले ते खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवून. त्यांनी माझं तोंड पुसलं. ते थांबेनात, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. हवालदारांना नागपुरात कोणा जुन्या सोबत्याला भेटायचं होतं, ते मागे राहिले. तेरवीला पोचायचं म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही दोघं खामगावच्या बसमध्ये बसलो, तिथून पुढे जळगावची गाडी. बाहेर कापून पडलेल्या हरभऱ्याचे ढीग, मोकळी वावरं.

"दुखते?" बाबांनी विचारलं.

"नाही."

कितीतरी गावं गेली. मग ते बाहेर पाहतच म्हणाले, "तुह्या मायनं हे एकडाव जरी पाह्यलं असतं नं गजू, तं तुले कधीच उठवलं नसतं."

मला त्यांचं म्हणणं खरं वाटलं. तिनं कधी लढत पाहिली नव्हती. मार खाऊन आलेलं माझं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी बॉक्सिंग म्हणजे पहाटे उठणं आणि घामेजून परत येणं. मी विचारलं, "मंग सोडू काय?"

"मी कसं सांगू," ते म्हणाले. "मले तं तिकडं पाहवलंबी नाही. तुले वाटन तसं कर आता."

पुढे मी काही वर्षं खेळलो. खांदा पूर्वीसारखा झाला नाही, त्यामुळे फौजेची भरती हुकली. एका शाळेत व्यायाम शिक्षक झालो, निवृत्तही झालो. मंदानं लग्न होईपर्यंत भट्टी चालवली, मग ती बंद झाली. हवालदार म्हातारपणी पूर्ण बहिरे झाले, तरी माझ्याशी बोलायचे. पण त्या सकाळी बसमध्ये यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. बाळापूर मागे पडल्यावर बाबांना झोप लागली. माय गेल्यापासून त्यांना नीट झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचं डोकं खिडकीवर दोन-तीनदा आपटलं, आणि मग कलून माझ्या उजव्या खांद्यावर आलं. तोंड थोडं उघडं, पांढरे खुंट वाढलेले, श्वास जड. खड्डा आला की खांद्यातून कळ निघून थेट बोटांपर्यंत जायची. खामगाव येईपर्यंत मी तो खांदा हलवला नाही.